ग्रीस: पिरेअसहून नॅक्सॉस-सँतोरिनी बोटीचं बुकिंग, सोबत ज्येष्ठ मंडळी. मदत हवी

मोगरा
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रीसला जायचं ठरलंय. व्हिसाची तारीख मिळाली, विमानाची तिकिटं निघाली, घोडं अडलंय ते बोटींपाशी. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासरे ठणठणीत आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना कसारा घाटातसुद्धा गाडी लागते.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा: अथेन्स दोन रात्री, मिकोनॉस दोन, नॅक्सॉस दोन, सँतोरिनी दोन. शेवटच्या दिवशी सकाळी सँतोरिनीहून बोट, दुपारी चारच्या सुमारास पिरेअस (अथेन्सचं बंदर), तिथून विमानतळ आणि रात्री साडेनऊचं दोह्याचं विमान. सगळ्या बोटी हायस्पीड.

माझे प्रश्न: बोटी किती आधी बुक कराव्यात? एजंटकडून की स्वतः? एकाच दिवशी एकाच बेटाला एका बोटीचं भाडं दुसरीच्या जवळजवळ दुप्पट दिसतंय, ते नक्की कशाचं? आणि सासूबाईंना बोट लागली तर काय करायचं?

गलबत
मी व्यापारी जहाजावर असतो. मालक ग्रीक, ऑफिस पिरेअसला, त्यामुळे त्या बंदरात जाणं-येणं असतं.

आधी शेवटचा दिवस बदला, बाकीचं मग बोलू. बेटावरून बोटीने येऊन त्याच रात्री देशाबाहेरचं विमान पकडणं कागदावर छान बसतं. वारा साधारण ८ ब्युफोर्टला (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) पोचला की तिथलं तटरक्षक दल बोटी सोडतच नाही, भल्यामोठ्या असल्या तरी. हलक्या कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या हायस्पीड बोटी, त्याच्या कितीतरी आधी थांबतात. बंदी नसली तरी वाऱ्यात तास-दोन तास उशीर ही रोजची गोष्ट. शिवाय खलाशांचे संप. १ मे तर जवळपास ठरलेलाच, एरवीही अधूनमधून २४ तासांचा संप जाहीर होतो. बोट रद्द झाली तर बोटवाले पैसे परत देतील, विमानवाले तुमची वाट बघणार नाहीत.

अथेन्सच्या दोन रात्रींपैकी एक उचलून शेवटी टाका. खर्च तेवढाच.

केदार७२
लगेच एवढं घाबरवायला नको. मेल्टेमी हा जुलै-ऑगस्टचा वारा, सप्टेंबर अखेरीला ओसरलेला असतो. आम्ही त्याच सुमारास कॅटमरानने फिरलो, समुद्र ताटासारखा सपाट होता. पिरेअस ते सँतोरिनी साध्या बोटीला साडेसात-आठ तास लागतात, हायस्पीडला पाचच्या आसपास. मोजून आठ रात्रींची सुट्टी, त्यातला अर्धा दिवस बोटीच्या कँटीनमध्ये कशाला घालवायचा? भाडं जास्त आहे, कबूल. पण लाखभराची विमानाची तिकिटं काढून तीस-चाळीस युरोंसाठी हात आखडता घेणं मला पटत नाही.

गलबत
केदारजी, मेल्टेमी ओसरतो हे बरोबर. पण शरद ऋतूत दक्षिणेचा वाराही सुटतो, आणि मुख्य म्हणजे इथे प्रश्न पैशांचा नाही, कसारा घाटात त्रास होणाऱ्या बाईंचा आहे. कॅटमरान ताशी ३५-४० सागरी मैलांच्या वेगाने जाते, खिडक्या बंद, बहुतेकींवर प्रवाशांना उघडा डेकच नसतो. लाट असली की आत सगळ्यांना एकदमच मळमळायला लागतं आणि बाहेर जाऊन वारा घ्यायची सोय नाही. कर्मचारी कागदी पिशव्या घेऊन फिरायला लागले की समजायचं.

निळू_अलिबागकर
गलबत यांच्याशी सहमत. आमच्याकडे बघा ना. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच आणि कॅटमरान बंद होतात, भाऊच्या धक्क्यावरची रो-रो (मोटारीही नेणारी मोठी बोट) मात्र बऱ्याच दिवशी चालू असते. मोठ्या बोटीचं वजनच वेगळं. समुद्र कुठलाही असो, पोट तेच.

अनुराधा_स्टुटगार्ट
मी आई-बाबांना घेऊन पॅरॉस-नॅक्सॉस-सँतोरिनी केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जलद आणि संथ बोट हा हिशेब सगळ्या प्रवासासाठी एकदम करू नकोस, टप्प्याटप्प्याने कर. पिरेअस-नॅक्सॉस: मोठी बोट पाच-साडेपाच तास, हायस्पीड साडेतीन-चार. म्हणजे वाचतो दीड तास. नॅक्सॉस-सँतोरिनी: मोठी बोट दोन तासांच्या आसपास, हायस्पीड दीड. इथे अर्ध्या तासासाठी कोणी जास्तीचे पैसे का मोजावेत मला कळत नाही, कारण कॅटमरान उशिरा आली की तो अर्धा तास धक्क्यावर उन्हात उभं राहण्यातच जातो. केदारचा मुद्दा पिरेअस-सँतोरिनी थेट जाणाऱ्याला लागू आहे. मधे नॅक्सॉसला उतरणाऱ्याला नाही.

आणि मिकोनॉस काढून टाक. सुंदर आहे, पण महागडं, रात्री जागणाऱ्यांचं. तिथून नॅक्सॉसला जायला बहुतेक हायस्पीडच मिळतात. दोन-दोन रात्रींची तीन बेटं म्हणजे दर तिसऱ्या दिवशी पाच जणांच्या बॅगा भरा, धक्का गाठा, बोटीची वाट बघा. सत्तरीच्या माणसांना त्यातच शीण येतो. नॅक्सॉसला तीन-चार रात्री दे. बंदर गावाला लागूनच आहे, उतरून हॉटेलात चालत जाता येतं, आणि अपोलोच्या देवळाचा तो भला थोरला दगडी दरवाजा बोट आत शिरतानाच दिसतो. गावाच्या कडेलाच सेंट जॉर्जचा किनारा आहे, पाणी उथळ, लेकीसाठी उत्तम.

मोगरा
मिकोनॉसचं नाव काढल्यावर नवरा जरा हिरमुसला, पण सासऱ्यांनी लगेच तुमच्या बाजूने मत दिलं. अनुराधा, बोटीत चढायचं कसं असतं गं? सामान विमानासारखं आधी द्यायचं का?

अनुराधा_स्टुटगार्ट
छे, तसं काही नसतं. बोट मागच्या बाजूने धक्क्याला लागते, मोठा दरवाजा खाली येतो आणि माणसं, ट्रक, मोटारी, स्कूटर सगळं एकाच तोंडातून आत. आत गाड्यांचा तळ असतो, त्याच्या कडेला सामानाच्या मांडण्या, प्रत्येकीवर बेटाचं नाव लिहिलेलं. तुमच्या बेटाच्या मांडणीत मोठ्या बॅगा टाकायच्या आणि वर जायचं. कुलपं-पावत्या काही नाहीत, त्यामुळे पासपोर्ट, पैसे, औषधं, बाबांची बीपीची गोळी हे सगळं हातातल्या पिशवीत.

तिथून वर बसायच्या मजल्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. नव्या मोठ्या बोटींवर सरकते जिने आणि लिफ्ट असते. लिफ्ट प्रवाशांना सहजासहजी दिसेल अशा जागी नसते, दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आईच्या गुडघ्याकडे बोट दाखवून विचारायचं, तो नेऊन सोडतो.

उतरताना गंमत आहे. मधल्या बेटांवर बोट जेमतेम पाच-दहा मिनिटं थांबते. घोषणा झाली की सगळे खाली गाड्यांच्या तळात येऊन उभे राहतात, साखळ्यांचा खडखडाट, डिझेलचा वास, आणि बोट नीट टेकायच्या आतच दार खाली यायला लागतं. पहिल्यांदा बघताना छातीत धस्स होतं. ज्येष्ठांना घेऊन थोडं लवकर खाली जा, पण गर्दीच्या पुढे राहायचा हट्ट नको. बाजूला थांबा, ढकलाढकल ओसरली की निघा.

विजयाताई
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, रागावू नका. आमच्या घरात बोट म्हटलं की अजून 'रामदास'चं नाव निघतं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या वडिलांच्या शेजारचं एक कुटुंब होतं त्यात. ग्रीसच्या बोटी कितपत सुरक्षित आहेत?

गलबत
विजयाताई, रागवायचं काय त्यात. खोटं सांगत नाही, तिथेही अपघात झालेत. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्सप्रेस सामिना' नावाची बोट पॅरॉसच्या अगदी जवळ, पोर्तेसच्या खडकांवर आदळून बुडाली. ऐंशीवर माणसं गेली. बोट जुनी होती, खडक नकाशावर होते, त्यांच्यावर दिवा होता, तरी झालं. त्या अपघातानंतर तिथली तपासणी आणि नियम दोन्ही कडक झाले. आज तिकीट नावानिशी निघतं, किती माणसं चढली याची नोंद राहते. आणि मोगराताईंना जी बंदी अडचणीची वाटेल ती याच काळजीपोटी आहे. ज्या दिवशी बोट सुटत नाही त्या दिवशी ती सुटू नये असंच कोणाला तरी वाटलेलं असतं. मी तरी माझ्या आईला घेऊन निर्धास्त जाईन.

विजयाताई
आभारी आहे. आता पुढचं वाचते.

पोहेवाली
शाकाहारी असाल तर बोटीवर पालकाचं नाहीतर चीजचं पाय मिळतं, स्पानाकोपिता आणि तिरोपिता. कॉफी चांगली असते, बर्फाची. चहाची आशा सोडा, गरम पाण्यात पिशवी बुडवून देतात. घरचे दशम्या-लाडू नेले तर कोणी काही म्हणत नाही, ग्रीक कुटुंबंही डबे उघडून बसलेली असतात. सँतोरिनीला 'फावा' नक्की मागा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. सासूबाई खूश होतील.

राहुल_ठाणे
याच धाग्यात विचारतो. पिरेअसहून झाकिंथोसला बोट दिसत नाही, संकेतस्थळ बिघडलंय का?

गलबत
बिघडलेलं नाही. झाकिंथोस आयोनियन समुद्रात, ग्रीसच्या पश्चिमेला. त्याची बोट किलीनीहून सुटते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. कोर्फूची इगुमेनित्साहून. पिरेअस पूर्वेच्या एजियन समुद्राकडे तोंड करून बसलंय. नकाशा उघडल्याशिवाय बेटं जोडू नका.

केदार७२
बुकिंगबद्दल मी लिहितो, तेवढं तरी सगळ्यांना पटेल.

स्वतःच करा. फेरीहॉपरसारख्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांच्या बोटी एकत्र दिसतात. तिथे वेळा जुळवा, मग हवं तर कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तिकीट काढा. तिकीट ईमेलवर येतं, दाराशी मोबाइलवर क्यूआर दाखवायचा. नावं पासपोर्टप्रमाणे टाका. पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा पैसे पडत नाहीत, तिकीट मात्र काढावं लागतं. पाच ते दहा वयाला साधारण अर्धं, म्हणजे तुमच्या लेकीचं अर्ध्यात निघेल. आपलं कार्ड वापरताना परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, नाहीतर पैसे भरायच्या पानावर गाडी अडते आणि सगळं पुन्हा भरावं लागतं.

किती आधी? कंपन्या उन्हाळ्याचं वेळापत्रक टप्प्याटप्प्याने सोडतात. दिवाळीत बसून पुढच्या सप्टेंबरच्या बोटी शोधल्या तर अर्ध्या दिसणारच नाहीत, म्हणून त्या बंद झाल्या असं समजू नका. पायी प्रवाशाला मोठ्या बोटीत जागा बहुतेक मिळते. ग्रीक ईस्टर आणि १५ ऑगस्टचा आठवडा सोडून. १५ ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो, अख्खा देश बेटांवर जातो, तिनोसला तर आपल्या पंढरपूरला जातात तसे लोक जातात. कॅबिन आणि मोटारीची जागा मात्र लवकर संपते. सप्टेंबरसाठी दीड-दोन महिने आधी काढलंत तरी पुष्कळ.

बंदर तपासा. काही बेटांना दोन बंदरं आहेत. आमोर्गोसला कातापोला आणि एगियाली, इकारियाला आगिओस किरिकोस आणि एव्दिलोस. हॉटेल एकीकडे आणि तिकीट दुसरीकडचं निघालं तर मधे डोंगर असतो. आणि सँतोरिनीच्या तिकिटावर 'थिरा' दिसलं तर दचकू नका, तेच ते.

अनुराधा_स्टुटगार्ट
केदारच्या लिहिण्यात एक भर. मोठ्या बोटीत सगळ्यात स्वस्त तिकिटाला नंबर नसतो, जिथे जागा मिळेल तिथे बसा. आई-बाबांसाठी थोडे जास्त युरो देऊन विमानासारखी नंबरची खुर्ची घ्या. सकाळच्या बोटीत तरुण पोरं सोफ्यांवर आडवी होऊन झोपलेली असतात, त्यांना उठवत बसणं जिवावर येतं. बोट लागणाऱ्या माणसाला मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसवायचं. पुढच्या टोकाला नको, तिथे उडी जास्त बसते.

डॉ_पाटणकर
ॲव्होमिन किंवा तत्सम गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पण त्याने गुंगी येते, आणि सत्तरीनंतर गुंगीत जिना उतरणं धोक्याचं. त्यांच्या इतर गोळ्यांबरोबर चालते का हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि पहिली गोळी घरीच, सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. रिकाम्या पोटी प्रवास नको आणि तेलकटही नको.

मोगरा
सासूबाईंनी हा सगळा धागा चष्मा लावून वाचला. "लहान बोट नको, मोठी बोट" असा निकाल दिलाय. आता पिरेअसला पोचायचं कसं? सकाळी साडेसातच्या सुमाराची मोठी बोट दिसतेय, ती पॅरॉस, नॅक्सॉस करत सँतोरिनीला जाते.

गलबत
तीच घ्या. पिरेअस प्रचंड मोठं आहे, ई-१ पासून पुढे दरवाजांचे नंबर आहेत. सिक्लाडीज बेटांच्या (नॅक्सॉस, सँतोरिनी त्यातलीच) मोठ्या बोटी मेट्रो स्टेशनच्या समोरच, ई-६, ई-७ च्या आसपास लागतात. क्रीटच्या आणि रोड्सच्या बोटी मात्र दूर टोकाला, ई-१, ई-२, ई-३ कडे, तिथे बॅगा ओढत चालत जाऊ नका, बंदरात आतल्या आत फुकट बस फिरते. दरवाजा बदलू शकतो, आदल्या दिवशी आलेला ईमेल किंवा मेसेज बघून निघा.

मेट्रोच्या दोन वाटा आहेत. जुनी हिरवी लाइन १, आणि ऑक्टोबर २०२२ पासून निळी लाइन ३ सुद्धा विमानतळापासून थेट पिरेअसपर्यंत येते, तासाभराच्या आसपास. विमानतळाहून एक्स-९६ बस चोवीस तास असते, जरा जास्त वेळ घेते. मेट्रोत खिसेकापूंपासून सांभाळा, सामान घेतलेले प्रवासी त्यांना लांबूनच कळतात.

पण तुम्ही पाच जण, दोन ज्येष्ठ, पहाटेची वेळ. मोठी टॅक्सी सांगून ठेवा. बोट सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर. इथल्या बोटी मधल्या बेटांवर उशिरा पोचतील, पण पिरेअसहून वेळेवर सुटतात. दार वर जायला लागलं की संपलं.

निळू_अलिबागकर
राफिना बंदर विमानतळाला जवळ आहे ना? तिथून नको का?

गलबत
जवळ आहे, अर्ध्या-पाऊण तासावर. आंद्रोस, तिनोस, मिकोनॉस करणाऱ्यांना राफिनाच बरं. नॅक्सॉस-सँतोरिनीला तिथून मुख्यतः हायस्पीड असतात, आणि सासूबाईंचा निकाल आधीच लागलाय.

मोगरा
नवा कार्यक्रम: अथेन्स दोन रात्री, नॅक्सॉस तीन, सँतोरिनी दोन, अथेन्स एक. जाताना दोन्ही टप्पे मोठ्या बोटीने, नंबरच्या खुर्च्या. परतीला सँतोरिनी-अथेन्स तीच बोट दुपारी निघून रात्री अकराच्या पुढे पोचवते, ते नको वाटतंय. हायस्पीड नकोच. काय करावं?

केदार७२
विमान. पाऊण-एक तासात अथेन्स. आधी काढलंत तर हायस्पीडच्या आसपास भाव मिळतो, फक्त सामानाचे पैसे वेगळे आहेत का ते बघा. हे मी हायस्पीडवाला असून सांगतोय.

अनुराधा_स्टुटगार्ट
+१. जाताना बोट, येताना विमान. सँतोरिनीला समुद्रातूनच शिरायला हवं, निघताना मात्र कसंही निघालं तरी चालतं.

आणि सँतोरिनीला बोट अथीनिओस बंदरात लागते, कड्याच्या पायथ्याशी. तिथून वर यायला नागमोडी रस्ता आहे, सासूबाईंच्या कसाऱ्याची धाकटी बहीण. फिराला, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावाला, जाणाऱ्या बस असतात, पण बोट रिकामी झाली की तिथे जत्रा भरते. हॉटेलला आधीच गाडी पाठवायला सांग. पायऱ्या आणि केबल कारचे जे फोटो दिसतात ते जुन्या बंदराचे, क्रूझवाल्यांचे. तुझा त्याच्याशी संबंध नाही.

राहुल_ठाणे
बोट रद्द झाली तर पैसे खरंच मिळतात का हो? की कुपन देतात?

गलबत
कंपनीने रद्द केली, वाऱ्यामुळे असो की संपामुळे, तर पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या बोटीवर जागा, निवड तुमची. युरोपियन युनियनचा तसा नियमच आहे, ११७७/२०१० क्रमांकाचा. तुम्ही स्वतः रद्द केलीत तर किती दिवस आधी त्यावर कपात. तिसऱ्या कोणाकडून तिकीट घेतलं असेल तर पैसे त्याच्यामार्फत फिरून येतात, त्याला वेळ लागतो आणि त्याची फी बहुतेक बुडते. एजंटऐवजी स्वतः काढा म्हणण्याचं तेही एक कारण. संपाची कुणकुण असेल तर दोन दिवस आधीपासून कंपनीचं संकेतस्थळ बघत जा. तुमची बोट आत्ता कुठे आहे ते मरीनट्रॅफिकवर दिसतं. धक्क्यावरच्या अफवांपेक्षा ते बरं.

मोगरा
झालं बुकिंग, पाचही तिकिटं ईमेलवर आली. शेवटचा प्रश्न, सासऱ्यांचा आहे. सँतोरिनीला शिरताना बोटीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं?

गलबत
डाव्या. नॅक्सॉसकडून येणारी बोट उत्तरेकडून आत शिरते, डावीकडे इया गाव, उजवीकडे थिरासियाचं छोटं बेट. मग काळ्या-तांबड्या कड्याच्या माथ्यावर पांढरी घरं डाव्या हाताला सरकत राहतात, इया, इमेरोविग्ली, फिरा. सासऱ्यांना उघड्या डेकवर डावा कठडा धरून ठेवायला सांगा, टोपी घट्ट बसवून. फिरा मागे पडायला लागलं की फोटो पुरे. अथीनिओस लगेच येतं, आणि लिफ्टपाशी तोवर रांग लागलेली असते.